भिंतीवरचा इंग्रजी तक्ता

समीक्षा म्हटली की आपल्याला कविता आठवते, आत्मकथन आठवतं. कुणाचा तरी संग्रह येतो आणि त्यावर आपण महिनाभर भांडतो. या खेपेला मी एका तक्त्याची समीक्षा करणार आहे. त्याला लेखक नाही, किंमत नाही, प्रस्तावना नाही. पण आपल्या जेवढ्या पोरांनी असला तक्ता वाचलाय, पाठ केलाय, तेवढ्यांनी आपले सगळे कवी मिळून वाचलेले नाहीत. म्हणून तो तपासला पाहिजे.

वाई तालुक्यातली एक शाळा. नाव सांगत नाही, कारण असा तक्ता कुठंही सापडेल. पाचवीच्या वर्गात, फळ्याच्या उजव्या अंगाला, निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेला. मथळा ‘क्लासरूम इंग्लिश’. खाली दोन रकाने, एक ‘टीचर’, दुसरा ‘स्टुडंट’. टीचरच्या रकान्यात: स्टँड अप. सिट डाऊन. कम हिअर. गो टू युवर प्लेस. ओपन युवर बुक्स. लिसन टू मी. रिपीट आफ्टर मी. शो मी युवर नोटबुक. क्लीन द बोर्ड. कीप क्वाएट. डोन्ट टॉक. अशी एकवीस वाक्यं मी मोजली. स्टुडंटच्या रकान्यात पाच: यस सर. नो सर. प्रेझेंट सर. मे आय कम इन, सर? मे आय ड्रिंक वॉटर, सर?

हे एखाद्या नाटकाची संहिता म्हणून वाचा. दोन पात्रं आहेत. एक पात्र सगळी क्रियापदं बोलतं आणि ती सगळी आज्ञार्थी. दुसरं पात्र अंग हलवतं. उठतं, बसतं, पुस्तक उघडतं, फळा पुसतं. जीभ वापरायची ती ‘हो’, ‘नाही’ आणि ‘हजर’ म्हणायला. त्याला दोन प्रश्न दिलेत, दोन्ही परवानगीचे. आत येऊ का? पाणी पिऊ का? अख्ख्या संहितेत ‘व्हाय’ हा शब्द नाही. ‘मला समजलं नाही’ नाही, ‘पुन्हा सांगा’ नाही, ‘मला तसं वाटत नाही’ तर नाहीच नाही. मराठी वाचनमालेत निदान एखादं कोकरू तरी लांडग्याला उलट उत्तर देतं. इथं तेही नाही.

पाण्याच्या वाक्याशी थांबू.

वाईपासून सातारा पस्तीस किलोमीटर. तिथल्या राजवाड्यातल्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, भाषणं होतात. भाषणात हार असतो, फोटो असतो; नळ नसतो. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त त्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायचं गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला हात लावत नसे. तहान लागली की सवर्णांच्या पोरांना मास्तरांची परवानगी पुरे. याला ती पुरत नसे. शिपाई हजर पाहिजे, त्यानं नळाची तोटी सोडली पाहिजे. शिपाई नाही तर पाणी नाही.

आता तक्त्यावरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘मे आय ड्रिंक वॉटर, सर?’ वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. सर ‘यस’ म्हणतील. पण ज्या पोराला ‘यस’नंतरही शिपायाची वाट बघावी लागली, त्याच्या जिल्ह्यातल्या शाळेच्या भिंतीवर हे वाक्य साधं राहत नाही. तक्ता रंगवणाऱ्याला हे माहीत नव्हतं, हे मला मान्य. माहीत नसणं हीच त्याची जात आहे, असंही कुणी म्हणेल. मी एवढ्या लांब जाणार नाही, कारण तक्त्याची एक बाजू मला आवडते आणि ती आधी सांगितली पाहिजे.

मराठीत हुकूम द्यायचा तर समोरचा कोण हे आधी ठरवावं लागतं. बस, बसा, बसावं. ये, या, यावं. आपल्या आज्यापंज्यांना गावात ‘या’ कुणी म्हटलं नाही. ‘ये’सुद्धा नुसतं नसायचं, पुढं ‘रं’ लागायचं आणि मागं ‘अय’. तराळकी-येसकरकी करणाऱ्या माणसाच्या कानावर आयुष्यभर एकेरी आज्ञार्थच पडला. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं, ते वतन कायद्यानं जायला 1950 च्या दशकाची अखेर उजाडली. आणि व्याकरणातलं वतन कायद्यानं जात नाही.

इंग्रजीत ‘सिट डाऊन’ एकच. पाटलाच्या पोराला तेच, आपल्या पोराला तेच. क्रियापदाला शेपूट नाही. पाचवीतल्या पोराला हे कुणी समजावून सांगत नाही, पण त्याच्या कानाला ते कळतं. मला कळलं होतं.

कसं ते सांगतो. मी सातवीत होतो. इंग्रजीचे सर आले, ‘स्टँड अप’ म्हणाले, सगळा वर्ग उठला, ‘सिट डाऊन’ म्हणाले, सगळा बसला. दुसऱ्या तासाला ऑफिसातनं कागद आला. वर्गशिक्षक मराठीत म्हणाले, “बीसीवाले उभे राहा.” आम्ही नऊजण उभे राहिलो. स्कॉलरशिपचे फॉर्म होते. बाकीचा वर्ग बसून आमच्याकडं बघत होता. ज्यांच्या आडनावावरून कळत नव्हतं त्यांचंही त्या दिवशी सगळ्यांना कळलं. माझ्या शेजारचा, ज्याच्याशी मी डबा वाटून खात होतो, त्यानं वर मान करून माझ्याकडं बघितलं, मग वहीत बघायला लागला. उभं राहणं तेच होतं, तासाभरापूर्वीचंच. एका भाषेत मी वर्गाबरोबर उभा होतो, दुसऱ्या भाषेत वर्गासमोर.

तर इंग्रजी हुकूम जात विचारत नाही, हे खरं. मात्र हुकमानंतर काय होतं ते इंग्रजीच्या हातात नाही. बाबासाहेब मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात होते तेव्हाची गोष्ट धनंजय कीरांनी चरित्रात दिली आहे. मास्तरांनी भीमाला गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं. वर्गात एकच गलका. कारण फळ्यामागं सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते, ते विटाळतील. पोरं धावली, डबे काढले, मग भीमा फळ्यापाशी गेला. ‘कम टू द ब्लॅकबोर्ड’ हे वाक्य सगळ्या वर्गाला एकच असतं. फळ्यामागं डबे असतात ते वाक्यात येत नाहीत. त्याच शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली, हेही इथं नोंदवतो. वाईसारख्या, घाटावर संस्कृत घोकलेल्या गावात ही नोंद आवश्यक आहे.

आता माझा मुख्य आक्षेप.

वाईतनं पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथं इंग्रज अमदानीपासून इंग्रजी बोर्डिंग शाळा आहेत, देशभरातल्या पैसेवाल्यांची पोरं तिथं शिकतात. खालनं वर आपली माणसं जातात ती भांडी घासायला, झाडायला, कपडे धुवायला. माझी धाकटी चुलती अशा एका बोर्डिंगात बरीच वर्षं झाडलोट करत होती. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. पण ‘कम हिअर’, ‘गो’, ‘क्लीन धिस’, ‘ओपन द डोअर’, ‘नॉट नाऊ’, ‘क्विक’ हे सगळं तिला नीट कळायचं. आम्ही पोरं तिची मजा करायचो, इंग्रजीतनं हुकूम द्यायचो, ती बरोबर तेच करून दाखवायची. वर म्हणायची, “मला समदं कळतं रं, पर तोंडातनं यीत न्हाई.”

तक्त्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला चुलती आठवली. तिची इंग्रजी आणि तक्त्याची इंग्रजी एकच होती. मी यादी करून ताडून पाहिलं. ‘रिपीट आफ्टर मी’सारखी पुस्तकी वाक्यं सोडली तर तिला तक्त्यातलं बहुतेक येत होतं. म्हंजे पोरगं शाळेत घालून, फी भरून, वह्या आणून आपण त्याला जी इंग्रजी मिळवून देतोय ती झाडूवाल्या बाईला पगारासोबत फुकट मिळत होती. 2000 सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली, आधी पाचवीपासून होती. आनंद झाला. पण तक्ता हाच असेल तर चुलतीचीच इंग्रजी चार वर्षं आधी सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, अहो, ही तर शास्त्रीय पद्धत आहे. आहे, मान्य. हॅरल्ड पामर नावाच्या इंग्रजानं टोकियोत बसून 1925 साली कृतीतून इंग्रजी शिकवायचं पुस्तक काढलं. पुढं अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानं 1960 नंतर त्याचीच पक्की पद्धत बांधली: मास्तरनं हुकूम द्यायचा, स्वतः करून दाखवायचा, शिकणाऱ्यानं अंगानं उत्तर द्यायचं. तान्हं मूलही आधी ‘ये, घे, दे’ ऐकतं, करतं, मग बोलतं. यात खोट काढण्यासारखं मला काही दिसत नाही. पण ॲशरच्या पद्धतीला दुसरा अर्धा भाग आहे. काही तासांनी भूमिका बदलायच्या. शिकणाऱ्यानं हुकूम द्यायचा आणि मास्तरनं उठायचं, बसायचं, दाराकडं जायचं. हा भाग आपल्याकडं कुठं गेला? ‘स्टँड अप’ आलं. ‘स्टँड अप, सर’ आलं नाही. समुद्र ओलांडून पद्धत आली आणि गावाच्या वेशीवर तिचा अर्धा भाग उतरवून घेतला.

इथं आपल्याच दोन मित्रांशी माझं भांडण आहे. एक म्हणतो, इंग्रजी सोडा, आपल्या बोलीत लिहा. त्यानं नायगावला जाऊन यावं, खंडाळा तालुका, फार लांब नाही. त्या नायगावच्या सावित्रीबाईंनी 1854 साली ‘काव्यफुले’त इंग्रजीला आई म्हटलंय. शिवाय या मित्राची पोरं सेमी-इंग्रजीत आहेत. (वाईकरांसाठी एक कंस: मराठी विश्वकोशाचं काम याच गावात चाललं, पहिला खंड 1976 ला निघाला. ज्ञान मराठीत आणायला आयुष्यं घातलेल्यांच्या गावात पोरांना मात्र ज्ञान इंग्रजीतच असतं असं सांगतात.) दुसरा मित्र उलट टोकाचा. उत्तर प्रदेशात बांका गावी 2010 साली चंद्रभान प्रसादांच्या पुढाकारानं इंग्रजी देवीचं मंदिर बांधायला घेतलं, हातात लेखणी, पायाखाली संगणक. याला त्याचं कौतुक. त्यामागची तळमळ मला समजते. पण देवी बसवली की माणूस हात जोडतो आणि तोंड मिटतो. तक्त्याला तरी दुसरं काय हवंय?

मी स्वतः काय केलं ते सांगतो, फार नाही केलं. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी चौदा पोरं बसतात. जयंतीच्या जुन्या पोस्टरच्या पाठीवर आम्ही नवा तक्ता केला. पोरांचा रकाना मोठा. आय डोन्ट अंडरस्टँड. से इट अगेन. स्पीक स्लोली. दॅट इज नॉट माय नेम. मग मी म्हटलं, आता तुम्ही मला हुकूम द्या. कुणी देईना. हसले, एकमेकांना कोपरानं ढोसलं. शेवटी एकजण उठला आणि अगदी हळू म्हणाला, “सिट डाऊन प्लीज, सर.”

मला रागच आला. म्हटलं, इथंही विनवणीच. घरी जाताना विचार केला तेव्हा कळलं की चूक माझी होती. त्याला मराठीत ‘बसा’ म्हणायचं होतं. ‘बस’ आणि ‘बसा’मधला तो काना इंग्रजीत कुठं ठेवायचा हे त्यानं शोधलं आणि ‘प्लीज’मध्ये ठेवला. ‘प्लीज’ आमच्या नव्या तक्त्यावरही नव्हतं, भिंतीवरच्या एकवीस वाक्यांतही नव्हतं. मान द्यायचं त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्यापाशी होतं.

पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, तक्ता राहू दे, तुम्हाला जे म्हणायचंय ते मराठीत सांगा, आपण इंग्रजी करू. एकानं सांगितलं, माझं आडनाव हजेरीत चुकीचं लिहिलंय. एकाला जातीचा दाखला कधी मिळेल ते विचारायचं होतं. सहावीतली एक पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला मागच्या बाकावर का बसवलं, हे कसं म्हणायचं?”

वाक्य अवघड होतं. भूतकाळ, प्रश्न, शिवाय ‘बसवणं’. तिच्या पुस्तकात ही रचना अजून आलेली नाही. आम्ही मोठ्या अक्षरात लिहिलं: व्हाय डिड यू मेक मी सिट ॲट द बॅक? तिनं दोन संध्याकाळी ते घोकलं. तिसऱ्या दिवशी न बघता म्हणाली, ‘डिड’ न चुकवता.

शाळेत अजून म्हणालेली नाही. सहामाहीनंतर बाक बदलतात, तोवर बघते, म्हणाली.