पोलाद आणि ‘उपलब्ध तथ्ये’: एक आक्षेप

डंपिंगविरोधी चौकशीत किमतींची तुलना होते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेने १९९९ साली ‘सेल’च्या पोलादी प्लेट्सविषयी केलेली चौकशी पाहता तो टिकत नाही. कंपनीच्या माहितीत उणिवा होत्या, हे मान्यच. परंतु तिची सर्वच आकडेवारी बाद करून तक्रारदार उद्योगाच्या आकड्यांवरून ७२.४९ टक्के डंपिंग ठरविण्यात आले. यालाच कायदा ‘उपलब्ध तथ्ये’ म्हणतो! जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने २००२ मध्ये, कंपनीच्या अमेरिकेतील विक्रीकिमतींची माहिती पुरेशा कारणाविना नाकारणे नियमबाह्य ठरविले. मूळ अमेरिकी कायदा मात्र अबाधित राहिला. भारताच्या १९९५ च्या नियमांतही अशीच तरतूद आहे. तेव्हा परकीय निर्यातदाराची अपुरी कागदपत्रे आपले अधिकारी कशी वाचतात, हेही तपासावयास हवे.