शोकनायकाचे दैव आणि पौरुष

शोकनायकाचा विनाश कशामुळे होतो, या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडील समीक्षेत रूढ आहेत. पहिले उत्तर दैववाद्यांचे : नायक हा नियतीच्या हातचे बाहुले असून त्याची सारी धडपड व्यर्थच ठरावयाची असते. दुसरे नीतिवाद्यांचे : नायकाच्या ठायी एखादा दुर्गुण असतो आणि त्याचे फळ त्याला मिळते. मॅक्बेथच्या बाबतीत तो दुर्गुण म्हणजे महत्त्वाकांक्षा, असे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांपासून विद्वानांच्या प्रस्तावनांपर्यंत सर्वत्र आढळते. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी भासली, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. दोहोंच्या लेखी नायकाचा निर्णय ही गौण गोष्ट होय. एकाने तो अदृष्टाकडे सोपविला, दुसऱ्याने स्वभावाकडे. शोकात्मिकेचा प्राण या निर्णयातच असतो, आणि नाटकाच्या अखेरीस दैव म्हणून जे नायकापुढे उभे ठाकते ते पुष्कळदा त्याच्याच निर्णयांचे साचत गेलेले रूप असते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, याची जाणीव भाषांतरकाराला पहिल्याच अंकात होते. ज्या तीन स्त्रिया मॅक्बेथला माळरानावर भेटतात त्यांना मराठीत सामान्यतः 'चेटकिणी' म्हटले जाते. परंतु त्यांच्या नावातील 'वीअर्ड' हे विशेषण ज्या प्राचीन इंग्रजी शब्दापासून आले, त्याचा अर्थ दैव असा आहे. आणि शेक्सपिअरने ज्या होलिन्शेडच्या बखरीतून कथानक घेतले, तीतही या स्त्रियांचा उल्लेख दैवाच्या देवता असा येतो. 'चेटकिणी' म्हणताच दैव नाहीसे होते आणि जादूटोणा तेवढा उरतो. मग त्यांना 'सटवाई' म्हणावे काय? मोह पडण्यासारखा हा शब्द आहे खरा. पण सटवाई कपाळावर लिहिते आणि ते लिखित ज्याचे त्याला वाचता येत नाही. मॅक्बेथला मात्र त्याचे भविष्य मोठ्याने सांगितले जाते. न वाचलेल्या लेखापुढे माणसाला निवड नसते. ऐकलेल्या भविष्यापुढे ती असते. हा भेद ध्यानात घेतला की नाटकाचा अर्थच पालटतो.

मॅक्बेथ राजा होईल, एवढेच त्या स्त्रिया सांगतात. कसा होईल हे सांगत नाहीत. खुनाचा शब्द त्यांच्या तोंडी नाही. तो विचार मॅक्बेथच्या मनात आपोआप उमटतो, आणि त्याने तो स्वतःच दचकतो. दैवाला मुकुट द्यावयाचा असेल तर माझ्या हालचालीवाचूनही ते देईल, असेही त्याच प्रवेशात तो स्वतःला समजावतो. तेच भविष्य बँकोनेही ऐकलेले असते. त्यालाही वाईट विचार छळतात. पण त्यांपासून मुक्त ठेव, अशी तो प्रार्थना करतो. एकाच वाणीची दोन श्रोत्यांच्या ठायी दोन फळे दिसतात, तेव्हा तिला विनाशाचे कारण म्हणता येत नाही. फार तर ती निमित्त होय.

महत्त्वाकांक्षेचेही तसेच. डंकन हा आपला आप्त, आपला राजा आणि आज आपला अतिथी आहे, ही तीन कारणे मॅक्बेथ स्वतःपुढे स्पष्टपणे मांडतो. आणि आपल्यापाशी महत्त्वाकांक्षेखेरीज दुसरा हेतू नाही, हेही कबूल करतो. आता पुढे जायचे नाही, असा निर्णय तो पत्नीला सांगतोदेखील. तिच्या धिक्कारापुढे हा निर्णय टिकत नाही. पण तो बदलणारा मॅक्बेथच आहे. येथे होलिन्शेडशी तुलना उद्बोधक ठरते. बखरीतील मॅक्बेथला गाऱ्हाण्याला जागा आहे, कारण डंकनने पुत्राला वारस नेमल्याने त्याचा वारसाहक्क बुडतो. कटात बँको सामील आहे. राज्यारोहणानंतर मॅक्बेथ सुमारे दहा वर्षे न्यायाने राज्यही करतो. शेक्सपिअरने हक्काची तक्रार गाळली, बँकोचा सहभाग गाळला, ती दहा वर्षेही गाळली. नायकाला जे जे समर्थन मिळू शकले असते ते काढून घेऊन त्याने त्याला आपल्या निर्णयासह एकटे सोडले. नाटककाराची दृष्टी कोठे खिळली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आता या निर्णयाचे पुढे काय होते ते पाहावे. पहिल्या अंकात विचार आणि कृती यांच्यामध्ये मोठे अंतर आहे, आणि मॅक्बेथचे माणूसपण त्या अंतरातच वास करते. तिसऱ्या अंकात ज्या भविष्यावर विसंबून तो राजा झाला त्याचाच उरलेला भाग खोटा ठरविण्यासाठी तो बँकोवर मारेकरी घालतो, आणि प्रत्यक्ष दैवालाच द्वंद्वाचे आव्हान देतो. रक्ताच्या प्रवाहात आपण इतके खोल आलो आहोत की परतणेही पुढे जाण्याइतकेच कष्टाचे, असे त्याला वाटू लागते; निवड नावापुरती उरते. चौथ्या अंकात मॅकडफ निसटल्याची वार्ता येताच, यापुढे मनात येईल ते तत्क्षणी हाताने करावयाचे, असे तो ठरवतो. मॅकडफच्या पत्नीची आणि मुलांची हत्या करण्यास त्याला कोणत्याही भविष्याने सांगितलेले नाही. विचार आणि कृती यांमधील अंतर त्याने आपल्या हाताने बुजविले. स्वातंत्र्याचा उपयोग स्वातंत्र्य संपविण्याकडे झाला, आणि पाचव्या अंकात बर्नमचे अरण्य चालत येते तेव्हा त्याला सामोरे जाणारा माणूस आतून आधीच रिता झालेला असतो.

याज्ञवल्क्यस्मृतीत दैवाचा अर्थ सांगताना, पूर्वदेहात केलेले पौरुषच फळरूपाने प्रकट झाले की त्याला दैव म्हणतात, असा विचार मांडला आहे. आणि रथ जसा एका चाकाने चालत नाही तसे पौरुषावाचून दैव सिद्धीस जात नाही, असेही तेथे म्हटले आहे. शोकात्मिकेला पूर्वजन्माची आवश्यकता नाही. पहिला अंक हाच पाचव्या अंकाचा पूर्वजन्म होय. आपली परंपरा दैववादी असल्यामुळे आपल्याला शोकात्मिका परकी आहे, हे वारंवार होणारे विधान या दृष्टीने पुन्हा तपासून पाहावे लागेल.

ईडिपसचे उदाहरण या मताच्या विरुद्ध जाते, असा आक्षेप येईल. पित्याचा वध आणि मातेशी विवाह ही कृत्ये त्याने अजाणता केली, हे खरे. परंतु ती नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेली आहेत. रंगभूमीवर घडतो तो शोध, आणि तो थांबविण्याची विनवणी टायरेसिअस, जोकास्टा व वृद्ध धनगर असे तिघेही त्याला करतात. सत्य जाणण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे. ई. आर. डॉड्स या ग्रीक पंडिताने १९६६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात याच मुद्द्यावर भर दिला होता. दुःख अपोलोने आणले, पण डोळ्यांवर प्रहार करणारा हात माझाच, अशा आशयाचे उत्तर ईडिपस देतो, तेव्हा दैव आणि पौरुष यांची सीमारेषा तो स्वतःच आखून देतो. ॲरिस्टॉटलच्या 'हमार्तिआ' या संज्ञेला 'दुर्गुण' हा प्रतिशब्द योजणे यासाठीच घातक ठरते. तिच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. त्या दृष्टीने 'प्रमाद' हा शब्द अधिक समर्पक आहे. नेम चुकण्यासाठी आधी कोणीतरी नेम धरलेला असावा लागतो, हे त्यात राहते.

उद्योगपर्वातील कर्ण हे याच विचाराचे दुसरे टोक म्हणता येईल. कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो आणि राज्य देऊ करतो. पांडवांचा जय होणार, हे कर्णाला ठाऊक आहे. तरीही राधा-अधिरथांचे प्रेम आणि दुर्योधनाचा विश्वास यांसाठी तो ते नाकारतो. भविष्य ऐकून मॅक्बेथने मुकुट उचलला, कर्णाने तो परत केला. दोघांचाही विनाश झाला. परंतु एकाची निवड त्याला पोखरत गेली, दुसऱ्याची त्याला उंच करून गेली. म्हणून विनाश हे शोकनायकाचे माप ठरू शकत नाही. कोणते ज्ञान हाती असता त्याने काय निवडले, हेच ते माप.

भाषांतरकारावर यातून एक जबाबदारी येते. मूळ संहितेत जेथे नायक 'मी केले' असे म्हणतो तेथे 'माझ्या हातून घडले' हा मराठीला सुलभ वाटणारा प्रयोग त्याने कटाक्षाने टाळला पाहिजे. हा प्रयोग सौम्य आहे, सभ्य आहे, आणि आपल्या नित्याच्या बोलण्यात तो सहज येतो. पण तो कर्त्याला पडद्याआड नेतो, आणि कर्ता पडद्याआड गेला की शोकात्मिका नाहीशी होऊन केवळ एक दुर्दैवी वृत्तान्त शिल्लक राहतो.