बहुप्रकारी विद्यार्थी-प्रकल्प : कल्पनेचे स्वातंत्र्य आणि पुराव्याचे बंधन

प्रास्ताविक

पदवी स्तरावरील संशोधन-प्रकल्पाचे रूढ स्वरूप सर्व अध्यापकांच्या परिचयाचे आहे. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, चार प्रकरणे, निष्कर्ष आणि संदर्भसूची असा हा साचा असतो. विषय बदलतात, विद्यार्थी बदलतात. परंतु लेखनातील आवाज तोच, म्हणजे कोणाचाच नसलेला, राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार संशोधनासह ऑनर्स पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प करावयाचा आहे. त्यामुळे हा प्रकल्प कशा प्रकारे लिहिला जावा, या प्रश्नाला आता प्रत्यक्ष महत्त्व प्राप्त झाले आहे.

या साच्याला पर्याय म्हणून अमेरिकेतील लेखन-अध्यापनात एक पद्धती रूढ झाली आहे. तिच्यात विद्यार्थी एकाच विषयाचे संशोधन पत्र, संवाद, वृत्त, कविता, रोजनिशी, जाहिरात, यादी अशा अनेक लेखनप्रकारांतून मांडतो. येथे तिला ‘बहुप्रकारी प्रकल्प’ असे म्हटले आहे. या पद्धतीचे सामर्थ्य कोणते, तिच्यातील मूलभूत पेच कोणता आणि आपल्या अभ्यासक्रमात ती कोणत्या अटीवर स्वीकारता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संकल्पना आणि तिच्यातील पेच

ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठात अध्यापन केलेले टॉम रोमानो हे या पद्धतीचे प्रमुख प्रवर्तक मानले जातात. ‘ब्लेंडिंग जॉनर, ऑल्टरिंग स्टाइल’ या २००० मधील ग्रंथात त्यांनी तिची सविस्तर मांडणी केली. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, असा प्रकल्प संशोधन, अनुभव आणि कल्पना या तिन्हींतून निर्माण होतो. त्यातील प्रत्येक तुकडा स्वयंपूर्ण असतो, स्वतःचे काही सांगतो आणि तरीही विषयाच्या सूत्राने इतर तुकड्यांशी बांधलेला असतो.

रोमानो यांना ही दिशा एका साहित्यकृतीने दिली. मायकेल ओंडात्जे यांचे ‘द कलेक्टेड वर्क्स ऑफ बिली द किड’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. १८८१ मध्ये मारल्या गेलेल्या एका अमेरिकन बंदूकबाजाचे जीवन त्यात कविता, गद्य, छायाचित्रे, मुलाखत अशा विविध रूपांतून उभे राहते. पद्धतीचा पेच नेमका या उगमातच आहे. ओंडात्जे यांनी ऐतिहासिक साधने वापरली, त्यांचा ऋणनिर्देश केला आणि मूळ मजकुरात आपण फेरफार केल्याचेही सांगितले. कवीला तेवढा अधिकार आहे. संशोधक विद्यार्थ्याला तो नाही. साहित्यकृतीत साधनाचे रूपांतर हे कलेचे काम ठरते. संशोधनात तेच रूपांतर न सांगता केले तर ते पुराव्याशी केलेले प्रतारण ठरते. साहित्यातून उचललेली पद्धती संशोधनात आणताना ही सीमारेषा जेथे पुसली जाते, तेथे प्रकल्प आकर्षक होतो, पण विश्वसनीय राहत नाही.

याच पुस्तकातील एक गोष्ट मात्र संशोधकाने आवर्जून घ्यावी अशी आहे. पुस्तकाच्या आरंभी बिलीच्या छायाचित्राच्या जागी केवळ रिकामी चौकट आहे. जे उपलब्ध नाही त्याची जागा दाखवून ती रिकामी ठेवणे, हेही एक विधानच असते.

आपल्या परंपरेतील उदाहरण

अनेक लेखनप्रकारांतून एकच विचार मांडणे मराठीला नवे नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे शिक्षणविषयक लेखन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘तृतीय रत्न’ (१८५५) हे नाटक आहे. कुणब्याच्या गरोदर पत्नीला ग्रहांचे भय घालून जोशी त्या दांपत्याला कसे लुबाडतो, हे त्यात दिसते आणि अखेरीस ते दांपत्य शिक्षणाकडे वळते. १८६९ मध्ये त्यांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर पवाडा लिहिला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी इंग्रजीतून निवेदन सादर केले आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे अशी मागणी केली.

ही तीन स्वतंत्र लेखने आहेत, एक प्रकल्प नव्हे, हे मान्यच आहे. तथापि त्यांतून एक तत्त्व स्पष्ट होते. अज्ञानाचा बाजार घरात कसा मांडला जातो हे नाटक दाखवू शकते, परंतु रयतेच्या महसुलातून येणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा युक्तिवाद निवेदनातच करता येतो. उलट निवेदनाला त्या स्त्रीच्या मनातील भय सांगता येत नाही. निरक्षर श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य पवाड्याचे आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) या एकाच ग्रंथात तर इंग्रजी प्रस्तावना, धोंडिबा व जोतीराव यांचा संवाद आणि पद्यरचना एकत्र आल्या आहेत. तेथील संवाद हा सजावटीचा भाग नाही. धोंडिबाच्या शंकांमुळेच युक्तिवाद पुढे सरकतो. लेखनप्रकाराची निवड हौसेने नव्हे, तर विषयाच्या आणि वाचकाच्या गरजेने व्हावी, हा धडा येथे मिळतो.

एका संभाव्य प्रकल्पाची चिकित्सा

हे तत्त्व विद्यार्थ्याच्या पातळीवर कसे उतरेल हे एका उदाहरणाने तपासता येईल. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. या विषयावर बहुप्रकारी प्रकल्प दिल्यास बहुतेक विद्यार्थी प्रथम काय लिहितील याचा अंदाज करणे अवघड नाही. संपकरी कामगाराने गावी पत्नीला लिहिलेले पत्र, एक शोकात्म कविता आणि एक काल्पनिक बातमी. पत्रात अश्रू असतील. पण खोलीत किती माणसे राहत होती, पाळी कोणती होती, उधारी कोणाकडे होती, यांपैकी काहीही नसेल. असे पत्र कोणत्याही संपाविषयी लिहिता येते. म्हणूनच ते या संपाविषयी काही सांगत नाही.

त्याऐवजी विद्यार्थ्याने गिरणगावातील खाणावळीच्या हिशेबाचे एक पान तयार करावयाचे ठरवले तर काय होईल? एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण देणाऱ्या स्त्रिया गिरणगावाच्या अर्थव्यवस्थेचा कणा होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचा उगम याच स्त्रियांच्या संघटनातून झाला. हिशेबाचे पान लिहिण्यासाठी जेवणारे किती, महिन्याचा दर काय, पगार थांबल्यावर थकबाकी किती दिवस चालली, हे शोधावेच लागते. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो, तत्कालीन वृत्तपत्रे आणि शक्य असल्यास हयात व्यक्तींच्या मुलाखती येथे कामी येतील. जी रक्कम सापडणार नाही तिचा रकाना रिकामा ठेवावा लागेल. असा रिकामा रकाना कल्पित अश्रूंपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. शिवाय संपाच्या इतिहासात कामगार व नेते यांच्यामागे झाकली गेलेली स्त्री या लेखनप्रकारामुळेच अभ्यासाच्या केंद्रस्थानी येते. लेखनप्रकाराने नवा प्रश्न निर्माण केला, तेव्हाच तो संशोधनाचे साधन झाला.

मूल्यमापनाचे निकष

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, तुकड्यांच्या मांडणीत युक्तिवादाची साखळी तुटते आणि ती जोडण्याचे काम वाचकावर पडते. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सलग विवेचनाचा एक निबंध प्रकल्पात अनिवार्य असावा. दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता रूढ प्रबंध जितक्या सहजतेने लिहितात, तितक्याच सहजतेने पत्र आणि कविताही लिहितात. तेव्हा केवळ प्रकार बदलल्याने लेखन विद्यार्थ्याचे स्वतःचे ठरत नाही. ते ठरते ते साधनांपर्यंत जाणाऱ्या वाटेने.

यावरून तीन निकष सुचविता येतात :

१) प्रत्येक तुकड्यामागे टीप असावी. त्यात काय आधारित आहे, काय कल्पित आहे आणि मूळ साधनात कोणता बदल केला आहे, हे स्पष्ट नमूद असावे.

२) हाच लेखनप्रकार का, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला मौखिक परीक्षेत देता यावे. तो तुकडा काढून टाकल्यास कोणते ज्ञान हरवते, ही त्याची कसोटी होय.

३) जे सापडले नाही, त्याची नोंद ही उणीव न मानता तिला गुण द्यावेत.

हे निकष अध्यापकाचे काम वाढविणारे आहेत. तीस प्रकल्पांच्या टिपा साधनांशी ताडून पाहणे हे मुखपृष्ठ व पृष्ठसंख्या पाहून गुण देण्याइतके सोपे नाही. मार्गदर्शकाच्या कार्यभारात या वेळेची तरतूद न करता ही पद्धती स्वीकारली, तर जुन्या साच्याच्या जागी अधिक रंगीत असा नवा साचा तेवढा येईल.

समारोप

बहुप्रकारी प्रकल्प हा रुक्ष संशोधनाला रंजक करण्याचा उपाय आहे, असे मानणे ही त्याची सर्वांत मोठी हानी ठरेल. विविध लेखनप्रकार ही विविध प्रश्न विचारण्याची साधने आहेत. नाटक एक विचारते, निवेदन दुसरे, हिशेबाचे पान तिसरे. विद्यार्थ्याला कल्पनेचे स्वातंत्र्य द्यावयाचे ते पुराव्याचे बंधन सैल करण्यासाठी नव्हे, तर त्या बंधनाची त्याला स्वतः जाणीव व्हावी यासाठी. ही अट पाळली गेली, तर रूढ प्रबंधात हरवलेला विद्यार्थ्याचा आवाज परत मिळण्याची शक्यता आहे, आणि तो आवाज जबाबदारीचाही असेल.