चार मंगलकार्ये आणि एक अविवाहित

‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ हा ब्रिटिश चित्रपट १९९४ साली प्रदर्शित झाला. तुटपुंजे भांडवल, सुमारे सहा आठवड्यांचे चित्रीकरण आणि इंग्लंडबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसलेला नायक, एवढ्या सामग्रीवर उभ्या राहिलेल्या या चित्रपटाने जगभर अमाप यश मिळविले. ऑस्करच्या स्पर्धेत उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट पटकथा या दोन्ही विभागांत त्याला नामांकन मिळाले. ब्रिटिश अकादमीने तर उत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिकच दिले. रिचर्ड कर्टिस यांची पटकथा, माइक न्यूएल यांचे दिग्दर्शन आणि ह्यू ग्रँट या नटाचा अडखळत बोलणारा चार्ल्स, या तिन्हींचे भरपूर कौतुक झाले व ते बव्हंशी योग्यच होते. परंतु लोकांनी हा चित्रपट डोक्यावर घेतला तो प्रेमकथा म्हणून, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते नायक-नायिकेची प्रेमकथा हाच त्यातील सर्वांत दुबळा भाग होय. त्याचे खरे मोल अन्यत्र आहे.

कथानक थोडक्यात सांगता येईल. चार्ल्स हा तिशीतला, सुस्थितीतला, अविवाहित इंग्रज. दर शनिवारी कोणाचे तरी लग्न, आणि हा तेथे उशिरा पोहोचणार. पहिल्या लग्नात तो वराचा पाठराखा आहे आणि ऐन वेळी अंगठ्याच विसरतो. तेथेच त्याला कॅरी ही अमेरिकन तरुणी भेटते, एक रात्र त्याच्यासमवेत घालविते आणि निघून जाते. दुसऱ्या लग्नात ती भेटते ती हेमिश नावाच्या वयस्क, श्रीमंत स्कॉटिश गृहस्थाची वाग्दत्त वधू म्हणून. तिसरे लग्न तिचे स्वतःचे. त्याच समारंभात चार्ल्सचा मित्र गॅरेथ एकाएकी कोसळतो आणि मरण पावतो. त्यानंतर अंत्यविधी, आणि दहा महिन्यांनी चौथे लग्न. या लग्नात वर खुद्द चार्ल्स, वधू मात्र दुसरीच.

या मांडणीतील कौशल्य सहज लक्षात येत नाही. ही सारी माणसे आपल्याला दिसतात ती जवळजवळ केवळ समारंभांत. चार्ल्स पोट कशावर भरतो, ते चित्रपट अखेरपर्यंत सांगत नाही. कचेरी नाही, वरिष्ठ नाही, महिनाअखेर नाही. काही टीकाकारांनी यावरून या चित्रपटावर श्रीमंतांच्या रिकामटेकडेपणाचा ठपका ठेवला, आणि तो सर्वस्वी अनाठायी आहे असे नाही. एका मित्राच्या वाड्यात किती खोल्या आहेत हे त्याचे त्यालाही नीट सांगता येत नाही, अशा मंडळींच्या दुःखाने व्याकूळ व्हावयाचे म्हणजे प्रेक्षकाला थोडे औदार्य दाखवावेच लागते. तरीही त्यामागील दृष्टी खोटी नाही. वयाच्या एका टप्प्यानंतर मित्र-आप्त एकमेकांच्या आयुष्यात उरतात ते प्रसंगापुरतेच. नोकरीपायी मुलखाबाहेर राहणाऱ्या वाचकांना तरी हे पटवून द्यावयास नको. शिलाँगला किंवा जोधपूरला बदली झालेल्या माणसाला पुण्याची चुलत-मावस भावंडे भेटतात ती मे महिन्यातील मुहूर्तांवर, नाहीतर बाराव्या-तेराव्याला. मध्यंतरीच्या काळात भाचे मोठे होतात, कोणाचे डोके पिकते, कोणाचा संसार मोडतो; आपल्या पदरी पडतात ती पंगतीतील पाच मिनिटे, त्यांतच सारे समजून घ्यावयाचे. कर्टिस यांनी आपल्या पात्रांना नेमकी तेवढीच पाच-पाच मिनिटे दिली आहेत आणि प्रेक्षकाला दूरच्या नातेवाइकाच्या खुर्चीवर बसविले आहे.

चार्ल्सला बायको मिळत नाही असे नाही. दुसऱ्या लग्नात त्याला ज्या टेबलावर बसविले आहे तेथे त्याच्या पूर्वीच्या प्रेयस्यांचा मेळावाच भरला आहे. उणीव आहे ती शब्दाची. पहिल्या लग्नातील त्याचे भाषण पाहावे. आधी यापूर्वी आपण ज्या जोडप्याच्या पाठीशी उभे राहिलो त्याच्या घटस्फोटावर तो विनोद करतो, सभा हसते. मग आवाज खाली आणून तो कबूल करतो की, असा शब्द आयुष्यभरासाठी देऊ शकणाऱ्या माणसांपुढे आपण थक्क होतो. तो स्वतः शब्द देऊ शकत नाही. फार काय, साधे वाक्यही त्याला पुरे करता येत नाही. टेम्सच्या काठी कॅरीला मनातले सांगावयाची वेळ येते, तेव्हा तो एका दूरदर्शन-मालिकेतील गायकाचा आधार घेतो, आणि तेही आडवळणाने. ग्रँट यांचे हे अडखळणे पुढे त्यांची लकब बनले आणि उत्तरोत्तर कंटाळवाणे झाले, हे खरे. येथे मात्र ती लकब नव्हे, व्यथा आहे.

अशा माणसासमोर प्रेमाचा उच्चार पूर्ण वाक्यात करणारी एकच व्यक्ती या चित्रपटात आहे, ती म्हणजे फिओना. क्रिस्टिन स्कॉट टॉमस यांनी ही भूमिका ज्या संयमाने वठविली आहे, तिला तोड नाही. सदैव काळ्या पोशाखात वावरणारी, जिभेला धार असलेली ही मैत्रीण कॅरीच्या लग्नात चार्ल्सला सहजपणे सांगून टाकते की, ज्याच्यावर तिचे वर्षानुवर्षे प्रेम आहे तो तूच. मग लगेच, त्याला अवघड वाटू नये म्हणून, ती स्वतःच विषय मिटविते. सारा प्रसंग दीड-दोन मिनिटांचा. अश्रू नाहीत, पार्श्वसंगीताचा गहिवर नाही. चार्ल्स तिचा हात हाती घेतो, यापलीकडे त्याला काहीच करता येत नाही. शोध घेणारा पुरुष आणि त्याच्या शेजारीच बसलेली, कधीही न दिसलेली स्त्री: येथे सुखात्मिकेचा पडदा क्षणभर फाटतो.

तो पुरता फाटतो अंत्यविधीच्या वेळी. हिरवळी, तंबू आणि शॅम्पेन यांच्या जागी आता एसेक्समधील वेस्ट थरॉक येथील जुने चर्च आहे आणि त्याच्या उशाशी कारखान्याचा प्रचंड सांगाडा उभा आहे. रंगीबेरंगी जाकिटे घालून नाचणारा गॅरेथ कोणत्या साध्या घरातून आला होता, ते आपल्याला त्याच्या आईवडिलांकडे पाहून प्रथमच कळते. मॅथ्यू बोलावयास उभा राहतो. त्याची ओळख जवळचा मित्र म्हणून करून दिली जाते, कारण १९९४ साली त्या नात्याला दुसरा शब्दच उपलब्ध नव्हता. लग्नापेक्षा गॅरेथला अंत्यविधी अधिक आवडत, असे तो सांगतो. या विधीत कधीकाळी आपलीही पाळी येण्याची थोडीतरी आशा असते ना! चर्चमध्ये हशा पिकतो. त्या विनोदातील बोच किती जणांना जाणवली असेल? मग तो डब्ल्यू. एच. ऑडेन यांची एक शोककविता वाचतो. जॉन हॅना यांचे ते वाचन ऐकून कवितेकडे कधी न फिरकणाऱ्या हजारो लोकांनी ऑडेन यांचे पुस्तक विकत घेतले. कविता वाचली जाते ती अलंकार म्हणून नव्हे, मॅथ्यूजवळ स्वतःचे शब्द उरले नाहीत म्हणून. चार्ल्सनेही उसने शब्द वापरले होते, परंतु स्वतःला लपविण्यासाठी. मॅथ्यू उसन्या शब्दांत स्वतःला उघडा करतो.

विधीनंतर चार्ल्सच्या तोंडी जे उद्गार आहेत त्यांत साऱ्या चित्रपटाचे मर्म आहे: आपण अविवाहित म्हणून मिरविणारी ही टोळी, आणि आपल्यातीलच दोघे जण इतकी वर्षे विवाहितच होते, हे आपल्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही! चार लग्ने शीर्षकात मोजली आहेत. हे पाचवे मोजलेलेच नाही. ब्रिटनमध्ये अशा जोडप्यांना नोंदणीचा हक्क देणारा कायदा २००४ साली झाला आणि इंग्लंड-वेल्समध्ये त्यांचे विवाह २०१४पासून होऊ लागले. कोणताही अभिनिवेश न दाखविता एका विनोदी चित्रपटाने त्यापूर्वी दहा-वीस वर्षे जे दाखवून ठेवले, त्याचे महत्त्व आज अधिकच जाणवते.

चौथ्या लग्नाचा प्रसंग मराठी वाचकाला एका जुन्या नाटकाची आठवण करून देईल. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) भर मांडवात लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे, शारदेच्या दुःखाने जे साधले नाही ते शास्त्राने साधले. इंग्रजी विवाहविधीतही, कोणास हरकत असल्यास बोलावी, असे धर्मोपदेशकाला विचारावेच लागते; परंतु तेथे अभिप्रेत असते ती कायद्याची हरकत, मनाची नव्हे. येथे हरकत घेतो तो चार्ल्सचा बहिरा भाऊ डेव्हिड. तो ठकठक आवाज करतो, हातांच्या खुणांनी बोलू लागतो, आणि त्याचे बोलणे साऱ्या सभेला मोठ्याने समजावून सांगावे लागते खुद्द नवरदेवाला! वराचे दुसऱ्याच स्त्रीवर प्रेम असल्याचा संशय वराच्याच मुखातून वदविला जातो. बोलू न शकणाऱ्या माणसाला अखेर बोलते केले, ते ऐकू न येणाऱ्या भावाने. डेव्हिड बॉवर हा नट स्वतः बहिरा आहे. त्याची भूमिका कोठेही दयेचा विषय होत नाही, हेही नमूद केले पाहिजे. बिचाऱ्या हेन्रिएटाला मात्र वराच्या तोंडावर एक ठोसा लगावण्यापलीकडे न्याय मिळालेला नाही.

येथेच चित्रपट थांबला असता तर! पण नायिका यावयाची आहे, पाऊस पडावयाचा आहे. हेमिशपासून वेगळी झालेली कॅरी चार्ल्सच्या दारात भिजत उभी राहते आणि लग्न न करण्याची शपथ दोघे लग्नाच्याच शब्दांत घेतात. कल्पना चतुर आहे, परंतु ज्या कॅरीसाठी हे सारे घडले ती कोण आहे? तिला काय आवडते, ती कशाला भिते, हेमिशला तिने का पत्करले आणि का सोडले? तिचे पूर्वीचे प्रियकर तीसच्या वर होते, एवढी गणती तेवढी आपल्याला ऐकविली जाते. अँडी मॅक्डॉवेल यांच्या अभिनयाला बोल लावणारे पुष्कळ आहेत, पण दोष बहुतांशी लेखकाचा. त्याने नायकाच्या दृष्टीतून नायिका पाहिली. नायकाची दृष्टी चुकू शकते, हे फिओनाच्या प्रसंगात त्यानेच दाखविले होते आणि येथे तो ते विसरला.

शेवटी श्रेयनामावलीबरोबर छायाचित्रे येतात आणि प्रत्येकाची जोडी लावून दिली जाते. मॅथ्यूलाही नवा सोबती मिळालेला दिसतो, हे बरे वाटते. परंतु फिओनाला मात्र तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्याशेजारी थट्टेने उभे केले आहे. चौथ्या लग्नाच्या वेळी काळा पोशाख टाकून रंगीत वस्त्रांत आलेल्या त्या स्त्रीला चार्ल्स दिला तोही नुसता नावाचा, आणि प्रेक्षागृहात त्यावर हशा होतो.