‘उतारा’ : विष, भूत आणि लेखन यांमधला एक शब्द

मंतरलेल्या किंवा अद्भुत गुणाच्या द्रव्यांना मराठीत नावांची वानवा नाही. अंगारा, तीर्थ, गुटी, मात्रा, तोडगा ही त्यांतील काही. या मालिकेत ‘उतारा’ हा शब्द मात्र विचित्र ठरतो. तो द्रव्याचे नावच सांगत नाही. सांगतो ती केवळ दिशा. विष चढते, ताप चढतो, दारू चढते, विंचू चढतो; जे चढले ते खाली आणणारे काहीही ‘उतारा’ होऊ शकते. ते वाटून पाजलेले मूळ असेल, आजाऱ्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवलेला दहीभात असेल किंवा नुसता मंत्र असेल. या शब्दाचा इंग्रजी अनुवाद ‘अँटिडोट’ असा करणारे त्यातील पहिलाच अर्थ घेतात आणि उरलेले सारे तिठ्यावरच सोडून देतात.

शेजारच्या भाषेत पाऊल टाकले की हे वैचित्र्य अधिक जाणवते. गुरुग्राममध्ये (२०१६ पूर्वीचे गुडगाव) चौकात ठेवलेल्या लिंबू-नारळाला हिंदीभाषक टोटका म्हणतील. ‘उतारा’ हा शब्दही त्या अर्थाने हिंदीला परका नाही. विषाला ‘काट’, ‘तोड’ किंवा ‘उतार’ असतो. पण त्याच गुरुग्रामच्या रहिवाशाला जमिनीच्या नोंदीची नक्कल हवी असेल, तर तो पटवाऱ्याकडे ‘फर्द’ मागतो. आणि पाठ्यपुस्तकात जो येतो तो ‘गद्यांश’. मराठीत मात्र तलाठ्याकडचा सातबारा हाही उतारा आणि परीक्षेतील गद्यखंड हाही उताराच. भूत उतरवणे आणि मजकूर उतरवून घेणे या दोन क्रिया मराठीने एकाच धातूवर सोपवल्या आहेत. हिंदीतही ‘उतारना’ नकलेसाठी चालते, परंतु नाम म्हणून हा संगम मराठीइतका घट्ट झालेला दिसत नाही.

तौलनिक अभ्यासकाला येथे देरिदाच्या १९६८ मधील प्लेटोविषयक निबंधाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘फीड्रस’मध्ये थ्यूथ ही देवता लेखनकलेला स्मृतीवरील ‘फार्माकॉन’ म्हणून पुढे करते. आणि हा ग्रीक शब्द औषध, विष व मंतरलेले द्रव्य हे तिन्ही अर्थ बाळगतो. नगराचे पाप वाहून नेण्यासाठी बाहेर घालवला जाणारा ‘फार्माकोस’ही त्याच कुळातला. औषध, लेखन आणि वेशीबाहेर टाकलेला बळी ही त्रयी ‘उतारा’त जशीच्या तशी सापडते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा असे मला वाटते. फार्माकॉन हा स्वतःच विषही असू शकतो. उतारा कधीही विष नसतो; चढलेल्या विषाशिवाय त्याला अस्तित्वच नाही. ग्रीक शब्दातील संदिग्धता पदार्थाच्या स्वभावातली आहे, मराठी शब्दातील संबंधातली.

या संबंधाची खरी कसोटी एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात लागते. सोळाव्या शतकातील या रचनेत कामक्रोधाचा विंचू डसतो, अंगाची आग होते आणि उतारा विचारला जातो. नाथ सांगतात तो उपाय प्रसिद्ध आहे : तमोगुण मागे सारावा आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावावा. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाची सारी सामग्री येथे रूपकात आली आहे, एवढेच सांगून बहुतेक भाष्ये थांबतात. दोन गोष्टी त्यांतून निसटतात. पहिली ही, की लौकिक उताऱ्यात पीडा बाहेर कोठेतरी टाकता येते. तिठा त्यासाठीच असतो. नाथांचा विंचू आतला असल्याने त्यांना तिठाच उपलब्ध नाही. म्हणून गुणावर गुणाचाच उतारा द्यावा लागतो. दुसरी गोष्ट भारुडाच्या शेवटी आहे. सत्त्वाचा उतारा दिल्यावरही किंचित ठणका उरतोच. तो जनार्दनस्वामींनी शांत केला, असे नाथ म्हणतात. म्हणजे उतारा लागू पडतो, पण पुरा पडत नाही. सत्त्व हाही शेवटी गुणच. त्याच्यापलीकडचे काम गुरूकडे जाते. भारुड सादर करताना हे शेवटचे कडवे घाईने उरकले, तर उरते ती केवळ नीतिकथा.

गुणावर गुण हा न्याय एका अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटतो. मद्यपींच्या बोलीत ‘उतारा’ म्हणजे रात्रीची चढलेली उतरावी म्हणून सकाळी घेतलेला थोडा पेला. इंग्रजीत याच प्रसंगी चावलेल्या कुत्र्याच्या केसाची भाषा येते. दंशाचे औषध दंश करणाऱ्याकडेच शोधण्याची ती जुनी समजूत. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हा शब्दाचा अपभ्रष्ट उपयोग वाटेल. माझ्या मते फार्माकॉनच्या सर्वांत जवळ मराठी शब्द येतो तो याच गुत्त्यात : येथे विष आणि उतारा एकाच बाटलीत असतात.

अर्थात प्रत्यक्षातल्या विंचवाला रूपक कळत नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर ही स्थिती पालटली. त्या औषधाला ‘विंचवावरचा उतारा’ म्हणणे बोलीत सहज असले, तरी काटेकोरपणे ते विष उतरवत नाही. विषाने शरीरात उठवलेल्या वादळाला आवरते. २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला. कायद्याला येथे रोखण्याची कृती नेमकी पकडता आली. ‘उतारा’ या शब्दावर मात्र त्याची सत्ता चालणार नाही, कारण दवाखान्याच्या दारात उभे असलेले नातेवाईकही डॉक्टरांना तोच प्रश्न विचारतात : यावर काही उतारा आहे का?