नाणेघाटाचें दर्शन : शिळा आणि लेख

२०२५ सालच्या जुलै महिन्यांत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाले. त्यांत शिवनेरी आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पांचगणी व महाबळेश्वर येथील दख्खनच्या लाव्हाथरांचें नांव संभाव्य यादींत गेलें. पहिली नोंद इतिहासाची, दुसरी दगडाची. दोहोंबद्दलही आम्हांस समाधानच आहे. परंतु शिवनेरीपासून फारसा दूर नसलेला नाणेघाट हें असें स्थळ आहे कीं, तेथें दगड व इतिहास यांची फारकत करतांच येत नाहीं. प्रवाशांस तो ज्या रीतीनें दाखविला जातो तींत मात्र दोहोंचीही हेळसांड होते. त्या रीतीचें परीक्षण करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम रांजणाविषयीं. घाटाच्या तोंडाशीं जो दगडी रांजण आहे तो जकातीचा. सातवाहनकाळीं व्यापारी त्यांत नाणीं टाकीत व त्यावरूनच घाटास हें नांव पडलें, असें येणाऱ्या प्रत्येकास सांगण्यांत येतें. कथा असंभाव्य नाहीं. कल्याण व सोपारा या बंदरांचा माल याच वाटेनें जुन्नरास चढे, आणि जेथें मालाची वाट तेथें जकातीचें नाकें हें अनुमान वावगें म्हणतां येणार नाहीं. पण तें अनुमान आहे, पुरावा नव्हे. जवळच्या लेण्यांतील मोठा लेख जकातीबद्दल अवाक्षर काढीत नाहीं. शिवाय घाटावरील सुळक्यास लोक ‘नानाचा अंगठा’ म्हणतात; तेव्हां नांवाची उपपत्ति नाण्यावरून लावावयाची कीं नानावरून, हाही प्रश्न शिल्लक राहतो. सांगणारानें ‘असें म्हणतात’ एवढे दोन शब्द जोडले तरी आमची तक्रार राहणार नाहीं.

लेख ज्या विषयाबद्दल बोलतो तो विषय मात्र कोणी सांगत नाहीं. नागनिका राणीचा मानला जाणारा हा ब्राह्मी लेख यज्ञांचा व दक्षिणेचा हिशेब आहे: अश्वमेध, राजसूय, आणि त्यांपायीं दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. एके ठिकाणीं गाईंचा आंकडा १०,००१ असा आहे. हे आंकडे अक्षरांनीं नव्हे, अंकचिन्हांनीं कोरले असल्यामुळें भारतीय अंकांच्या इतिहासांत या लेखाचें मोल फार मोठें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं या अंकांचीच चिकित्सा केली, आणि ब्यूलर यांचें वाचन १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. मागील भिंतीवरच्या प्रतिमांचे आज पायांपलीकडे फारसे अवशेष नाहींत. परंतु त्यांवरील नांवांत सिमुक सातवाहन, नायनिका व सातकर्णि यांच्याबरोबर एक ‘महारठी’ आहे. ज्या प्रवाशास मराठ्यांच्या किल्ल्यांचा अभिमान वाटतो, त्यास ही पदवी येथें कोरलेली आहे हें न सांगतां परत पाठविणें ही थट्टाच नव्हे काय?

आतां दगडाकडे वळूं. पावसाळ्यांत खालून कड्याला धडकणारा वारा धबधब्याचें पाणी वर उधळतो, आणि तेवढ्यासाठीं रविवारीं गर्दी लोटते. तो देखावा पाहण्याजोगा आहे, त्याची आम्हीं निंदा करीत नाहीं. पण ज्या कड्यामुळें तो घडतो त्याची कथा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हाप्रवाहांपासून सुरू होते. ते प्रवाह एकावर एक थिजले. कठिण थर भिंतीसारखे उभे राहिले, मऊ थर झिजून उतार झाले. घाटाची वाट, लेण्याची जागा, शेजारच्या जीवधनाचे ताशीव कडे, हें सर्व त्या पायऱ्यांच्या रचनेशीं बांधलेलें आहे. भूशास्त्रज्ञ आपल्या फलकावर लेण्याचें नांव घेत नाहीं आणि पुराणवस्तुसंशोधक थराचें घेत नाहीं, ही सोंवळ्याओंवळ्याची वृत्ति दोन्ही शास्त्रांस शोभत नाहीं.

याच डोंगरांत उगम पावणाऱ्या कुकडीच्या कांठीं बोरी गांव आहे. तेथील नदीच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर सांपडला व त्याच्या सान्निध्यांत अश्मयुगीन हत्यारें मिळालीं. ही राख सुमात्रा बेटांतील तोबा ज्वालामुखीची, असें पुष्कळांचें मत; तिचें वय मात्र कोणी सुमारें ७५ हजार वर्षें धरिलें, कोणी ६ लक्ष ७० हजार, तर कोणी १४ लक्ष. इतकें अंतर असतां पाहुण्यास एकच आंकडा सांगून मोकळें होणें सोयीचें खरें, पण वाद हाच येथला खरा ऐवज आहे. दोन पक्ष मांडून दाखविले तर शाळकरी मुलगाही त्यांत रमेल असा आमचा अनुभव आहे.

डोंगरांतील गांवांच्या उत्पन्नाचा प्रश्न याच्याशींच निगडित आहे. धबधबा चार महिन्यांचा. लेख व थर बारमाही. केवळ पावसावर विसंबलेल्या गांवास भजीं विकण्यापलीकडे व गाड्या उभ्या करण्याचे पैसे घेण्यापलीकडे धंदा उरत नाहीं, आणि उरलेले आठ महिने तरुण शहराची वाट धरतात. २०१५ सालीं युनेस्कोनें मान्य केलेल्या जागतिक भूउद्यानांच्या योजनेंत शिळा, संस्कृति व स्थानिक लोकांचा सहभाग हीं तिन्ही एकत्र धरिलीं आहेत. जुन्नरच्या डोंगरांस तें माप चपखल बसतें. मात्र त्याचा आरंभ उपाहारगृहें व पायवाटेवरील फरसबंदी यांनीं होऊं नये. घाटमाथ्यावरील घाटघरच्या व तळाच्या वैशाखऱ्याच्या तरुणांस ब्राह्मी वाचावयास व थर ओळखावयास शिकवावें, आणि दाखविण्याचा मोबदला त्यांच्याच हातीं पडावा. वाटेच्या प्रत्येक वळणाचीं, टाक्यांचीं, सुळक्यांचीं जीं नांवें वृद्धांच्या तोंडीं आहेत तीं टिपून घ्यावीं. लेखाच्या अक्षरांची झीज चालूच असल्यामुळें नवे ठसे घेऊन ते ब्यूलरच्या काळच्या ठशांशीं ताडून पाहण्याचें काम तर गर्दी वाढण्यापूर्वींच झालें पाहिजे.

रांजणाच्या वादाचा निकाल अर्थात् अशा ठशांनीं लागणार नाहीं. परंतु जुन्नर प्रांतांतील घाटांच्या जकातीचे व बंदोबस्ताचे उत्तरकालीन कागद कोणा वाचकाच्या संग्रहीं असतील, तर त्यांतून निदान नाकें कोठें बसत असे आणि घाटाचें नांव कसें लिहीत, एवढें तरी कळेल. अशा कागदांच्या अस्सलाबरहुकूम नकला, मोडीचें वाचन न बदलतां, आम्हांकडे पाठवाव्या.