बृहत्कथेचा नायक : प्रेम आणि मैत्री

पैठण, म्हणजेच प्राचीन प्रतिष्ठान, हे सातवाहनांचे नगर. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ परंपरेने याच नगराशी जोडलेली आहे. पैशाची भाषेतील तो मूळ ग्रंथ लुप्त झाला. तथापि नेपाळात उपलब्ध झालेला बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’ आणि सोमदेवाचा अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागर’ यांवरून वत्सराज उदयनाचा पुत्र नरवाहनदत्त हा तिचा नायक असल्याचे दिसते.

नरवाहनदत्त विद्याधरांचा चक्रवर्ती होणार, हे विधिलिखितच आहे. ज्याचे पद आधीच ठरलेले, त्याच्या चरित्रात घडण्यासारखे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर बुधस्वामीच्या ग्रंथात अधिक समर्थपणे मिळते. सोमदेवाच्या ग्रंथात मदनमंचुकेची माता तक्षशिलेची राजकन्या आहे. बुधस्वामीची मदनमंजुका मात्र गणिकाकन्या आहे. तिला पत्नीपद देताना राजपुत्राचे प्रेम कुलमर्यादेच्या पलीकडे जाते, आणि मानसवेग तिचे हरण करतो तेव्हा त्याचे सुरक्षित जगच ढासळते.

मैत्रीचे कार्य निराळे आहे. नदीच्या वाळूतील पाउलखुणांवरून गोमुख अनुमाने बांधीत जातो. त्या मागावर झाडाला खिळलेला विद्याधर अमितगती सापडतो व राजपुत्र त्याला मुक्त करतो. पुढे विहिरीत पडलेल्या राजपुत्राला हाच अमितगती बाहेर काढतो. चंपानगरीत तर राजपुत्र अनोळखी ब्राह्मण म्हणून वावरतो आणि वीणावादनाच्या बळावर गंधर्वदत्ता मिळवितो. पद दैवाने दिले. त्या पदाची पात्रता मात्र विरहाने व मित्रऋणाने आली.

नायकाचे अनेक विवाह पहिल्या प्रेमाला उणेपणा आणतात, हा आक्षेप निराधार नाही. शिवाय बुधस्वामीचा ग्रंथ २८ सर्गांवरच खंडित झाल्याने नायकाच्या अंतिम रूपाविषयी त्याच्या आधारे निर्णय देता येत नाही. पण उपलब्ध भागात नायक मोठा होतो तो शस्त्राने नव्हे, हे नि:संशय.

सोमदेवाने सांगितलेली ग्रंथाची जन्मकथाही येथे लक्षणीय ठरते. राजाने अव्हेरलेल्या सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष गुणाढ्याने अग्नीला दिले. नरवाहनदत्ताची एक लक्ष श्लोकांची कथा तेवढी राखली, कारण ती त्याच्या दोन शिष्यांना प्रिय होती. स्नेहाने घडलेला हा नायक स्नेहामुळेच वाचला, असे परंपरा मानते.